अण्णांची मोठ्या अक्षरांची पानं

अण्णांचे डोळे जायला लागले त्या वर्षी मी एका प्रिंटरशी भांडत होतो. हे वाक्य लिहिताना लाज वाटते, पण दुसरं खरं वाक्य माझ्याकडे नाही.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, तंजावरातल्या एका शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. मी पुण्यात एका कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढली. बायको गेली, नोकरी संपली, आणि मी बोजा बांधून तंजावरला अण्णांच्या घरी परत आलो. पुण्यात माझ्या तमिळ वळणाच्या, तंजावरी मराठीला हसत. इथे आता माझ्या पुणेरी मराठीला हसतात. देवनागरी मात्र पुण्यानं हाताला बसवली, म्हणून हे लिहू शकतो. आमच्या घरात दुसऱ्या कुणाला हे वाचता येणार नाही, ही एक सोयच आहे.

घरात आम्ही तिघं. अण्णा, वैनी आणि मी. वैनी या घरात आल्या तेव्हा मी शाळेत जात होतो, त्यामुळे त्या मला अजून 'तूं' म्हणतात आणि ताटात वाढताना विचारत नाहीत.

अण्णांना काचबिंदू. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात मधोमध खिडकीएवढी जागा उरलेली. डॉक्टरांनी सांगितलं, ही खिडकीही लहान होत जाईल. किती दिवसांत ते सांगता येत नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी अण्णांनी ट्रंकेतून बाबांची वही काढायला सांगितली.

त्या वहीची गोष्ट सांगायला हवी. ओरत्तनाडूकडे कालव्यालगत आमची भातशेती होती. बघायला माणूस नाही, कुळाशी रोज कटकट, म्हणून अण्णांनी ती विकली. बाबांची सही घेतली होती, मन घेतलं नव्हतं. त्या दिवसापासून बाबा अण्णांशी बोलले नाहीत. एकाच घरात, एकाच पंगतीला बसून नऊ वर्षं बोलले नाहीत. 'त्याला सांग, रसम निवलं म्हणावं,' असं वैनींना म्हणायचे, आणि अण्णा समोरच बसलेले असायचे. याच वर्षांत ते एका लांबट वहीत रोज थोडं थोडं लिहीत. मग बाबा गेले. वही ट्रंकेत गेली. अण्णांनी ती कधी उघडली नाही, रिटायर झाल्यावर वाचू म्हणाले, आणि रिटायर होऊनही चौदा वर्षं झाली. भीती वाटायची, दुसरं काय. त्यात आपल्याबद्दल काय लिहिलं असेल या भीतीनं माणूस चाळीस वर्षं पोरांना धडे देऊनही एक वही उघडू शकत नाही.

बाबांना देवनागरी येत नव्हती. त्यांनी आमची मराठी तमिळ अक्षरांत लिहिलेली, मुंगीएवढ्या अक्षरांत, फिकट निळ्या शाईनं. तमिळमध्ये क आणि ग यांना एकच अक्षर, प आणि ब यांना एकच. त्यामुळे प्रत्येक शब्द आधी तोंडात घोळवावा लागतो, मग कळतो. अण्णांना त्या पानांवर नुसता धूर दिसायचा. झेरॉक्सवर मोठं करून पाहिलं, धूर मोठा झाला. फोनच्या पडद्यावर दाखवलं तर उजेडानं डोळ्यातून पाणी यायला लागलं.

"मी वाचून दाखवतो की," मी म्हणालो.

"तूं नको," अण्णा म्हणाले. "तूं वाचलास तर गोड तेवढं वाचशील. बाकीचं गाळशील. लहानपणापासून ठाऊक आहे मला तुझं."

हे खोटं नव्हतं. अण्णा आणि बाबा भांडले की मी मधे पडून एकाचं दुसऱ्याला साखर घालून सांगायचो. तेव्हा ठरलं असं: मी वही टाइप करायची, जाड आणि मोठ्या तमिळ अक्षरांत छापायची, आणि अण्णांनी ती आपल्या डोळ्यांनी वाचायची. त्यातलं मी काही बोलायचं नाही, चांगलं नाही की वाईट नाही. छापलेली ओळ वाचून झाली की ते भिंग घेऊन मूळ वहीतली तीच ओळ शोधत. एकदा शब्द माहीत झाला की धुरातूनही बाबांचं अक्षर ओळखू यायचं. मी काही बदललेलं नाही याची अशी खात्री करून घ्यायचे. हेडमास्तर शेवटी.

वहीच्या एका पानाची छापून पाच पानं व्हायची. एवढी जाड अक्षरं म्हणजे शाई पाण्यासारखी जाते. पुण्याहून आणलेला माझा प्रिंटर. त्याचं काळं कार्ट्रिज आठवड्यात संपलं. नवं आणलं, तेही संपलं. प्रिंटर स्वस्तात देतात आणि मग शाई विकून जन्मभर वसूल करतात, हे ठाऊक होतं. पण सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत मोडकी यंत्रं चालू करण्यात घालवलेला माणूस मी. बसस्टँडजवळच्या दुकानातून शाईची बाटली आणली, इंजेक्शनची सिरिंज आणली, कार्ट्रिजवरचा कागद सोलला, भोकातून शाई भरली. बोटं काळी झाली. कार्ट्रिज जड लागलं, भरलंय हे हातालाच कळत होतं. प्रिंटरमध्ये घातलं तर पडद्यावर आलं: शाई संपली आहे.

त्या कार्ट्रिजच्या अंगावर नखाएवढी एक चिप असते. ती आत शाई आहे की नाही हे बघतच नाही. किती थेंब गेले ते मोजते, आणि ठरलेला आकडा झाला की संपलं म्हणते. मग तुम्ही तिच्यात कावेरी ओता. असं उद्दाम यंत्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. रेशन कार्डावर मेलेला म्हणून नोंद झालेला माणूस कचेरीत उभा राहून आपण जिवंत आहोत म्हणतो आणि कारकून वर बघत नाही, तसली गत.

चेन्नईहून पोस्टानं एक उपकरण मागवलं. काडेपेटीएवढं. चिपच्या सोनेरी ठिपक्यांवर दाबून धरायचं, लाल दिवा हिरवा होतो, आणि चिपला आपण नवे आहोत असं वाटू लागतं. दिवा हिरवा झाला. प्रिंटरनं निमूट कागद ओढला. त्या दिवशी मी दुपारचंच दोनदा जेवलो असं वैनी म्हणतात.

अण्णा वाचू लागले. सकाळी ऊन ओट्यावर आलं की पान तिरकं धरून, एका शब्दावर डोळा नेऊन, मग पुढच्यावर. दिवसाला तीन-चार पानं. सुरुवातीला बाबांनी सगळं इकडचं तिकडचं लिहिलं होतं. कालव्याला पाणी कधी सुटलं, कुठल्या चुलत्यानं डांगर पचडीत दही जास्त घातलं, कुणाच्या लग्नात कोण रुसलं. अण्णा मधेच हसायचे. "बाबांना हसवतां येत होतं, मला ठाऊकच न्हवतं," एकदा म्हणाले. त्या महिन्यात ते जेवताना बाबांबद्दल बोलत, जणू ते आतल्या खोलीत आहेत.

मी टाइप करत बराच पुढे गेलो होतो. शेताबद्दलचं पान वहीच्या शेवटाकडे होतं, ते मी वाचलं होतं. त्या दिवशी मला हात धुवायच्या निमित्तानं परसात जाऊन उभं राहावं लागलं. पण बोलायचं नाही असं ठरलेलं. आणि ते पान आधी छापून द्यावं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आलं असेल तर मी ते बाजूला सारलं. पहिल्यानंतर दुसरं, दुसऱ्यानंतर तिसरं, हीच माझी जन्माची सवय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो मी.

मग तो मोठा गठ्ठा छापला. वहीचा मधला सगळा भाग, शंभरावर कागद. कागद कमी लागावा म्हणून मी समास चिमूटभर ठेवला होता. अक्षरं अगदी कडेपर्यंत. गठ्ठा जेवणाच्या खोलीतल्या पाटावर ठेवून मी पेन्शनच्या कामाला कचेरीत गेलो. परत आलो तर वैनींनी वाटीत हळद कालवून प्रत्येक कागदाच्या चारी कोपऱ्यांना बोट लावलं होतं. इथे असंच करतात. लग्नाची पत्रिका असो, नवी वही असो, जमिनीचा कागद असो, शुभ म्हणून कोपऱ्यांना ओली हळद लावतात. कडेपर्यंत आलेल्या अक्षरांवर ती ओल गेली आणि शाई फुटली. कागद एकावर एक ठेवलेले, त्यामुळे खालपर्यंत झिरपलं. पहिल्या दोन ओळी आणि शेवटच्या दोन ओळी, प्रत्येक पानावर, काळ्या-पिवळ्या चिखलासारख्या.

"हे काय केलंत?" मी ओरडलो. त्या घरात मी कधी आवाज चढवला नव्हता.

"मंजळ लावलं," वैनी म्हणाल्या. "मामंजींनीं लिहिलेलं पहिल्यांदां छापून आलं. तसंच कोरं कसं द्यायचं?"

"अक्कल आहे का? सगळं वाया घालवलंत."

त्या वाटी घेऊन आत गेल्या. सत्तरीची बाई, माझ्या आईच्या जागी. नंतर त्यांनी माझ्या एकाही कागदाला हात लावला नाही. टेबल पुसतानासुद्धा कागदांच्या कडेकडेनं पुसत. मी माफी मागितली नाही. चूक माझी होती हे मला तेव्हाच कळलं होतं. कंपनीची काळी शाई पाण्यानं फुटत नाही. मी आणलेली बसस्टँडवरची स्वस्त शाई फुटते. समास मी खाल्ला, शाई मी स्वस्त आणली, आणि अक्कल वैनींची काढली.

"राहूं दे, मधलं तर वाचतां येतंय," अण्णा म्हणाले. ते तेच डागाळलेले कागद वाचायला बसले. पण ओळीची सुरुवात सापडेना, डोळा चिखलात अडकायचा. दिवसाला चार पानांऐवजी एक. मला ते बघवेना. मी म्हणालो, न फुटणारी शाई आणतो, सगळं नव्यानं छापतो.

न फुटणारी शाई मिळाली. पण दरम्यान प्रिंटरनं, कुणाला न विचारता, इंटरनेटवरून स्वतःला नवं शहाणपण शिकवून घेतलं होतं. आता तो हिरव्या दिव्याला भुलेना. पडद्यावर वाक्य यायचं: वापरलेलं किंवा बनावट कार्ट्रिज, कृपया अस्सल घाला. कृपया. माझ्या घरात, माझ्या विजेवर चालणारं यंत्र मला कृपया म्हणून दार लावत होतं.

पुढचे सात आठवडे मी काय केलं ते सांगायला बसलो तर प्रयोगवही होईल. जुन्या कार्ट्रिजची चिप ब्लेडनं सोलून नव्यावर चिकटवली. ठिपक्यांवर चिकटपट्टी लावून पाहिली. आपोआप नवी होणारी चिप मागवली, ती दुसऱ्या देशातल्या प्रिंटरची निघाली. पुन्हा मागवली, ती वाटेत मोडली. प्रिंटरचं जुनं शहाणपण परत घालायची एक खटपट असते, तीही केली, तीनदा अर्ध्यात अडकली. टेबलावर काळे बोळे, सिरिंजा, भिंग. अण्णा ओट्यावर बसलेले, मी आतून शिव्या देत असलेला.

तिसऱ्या आठवड्यात कधीतरी वैनी दारात उभ्या राहिल्या. टेबलाकडे न बघता म्हणाल्या, "पेनड्राइव्हांत घालून झेरॉक्सवाल्याकडे ने. तासाभरांत छापून देतो म्हणतो तो. मी विचारलंय."

"घरातलं त्याला कशाला दाखवायचं?" मी म्हणालो. "तमिळ अक्षरं आहेत, तो वाचेल."

"वाचेल. कळेल थोडंच?"

मी अजून रागावलो. खरं कारण घरातलं बाहेर जाण्याचं नव्हतंच. त्या नखाएवढ्या चिपेपुढे मी हरणार नव्हतो. अस्सल कार्ट्रिजही विकत घेता आलं असतं. दुकानात ते काचेत मांडलेलं होतं, मी रोज त्याच्यासमोरून जायचो आणि मान वळवायचो. अण्णांच्या डोळ्यातली खिडकी लहान होत होती आणि मी कुणाचं खरं, माझं की कंपनीचं, हे ठरवत बसलो होतो. कंपनीला तर मी आहे हेही ठाऊक नव्हतं.

या दिवसांत अण्णा एकदाही म्हणाले नाहीत की लवकर कर. उलट विचारत, "आज काय म्हणतंय तुझं यंत्र?" आणि मी सांगत बसे, आणि ते ऐकून घेत. मला वाटे त्यांना गंमत वाटतेय.

सात आठवड्यांनी एक चिप बसली. कुठली, कशी, ते आता महत्त्वाचं नाही. सकाळी नऊच्या सुमारास यंत्रानं कार्ट्रिज मान्य केलं, घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि कागद ओढू लागलं. मी क्रम मोडला. आयुष्यात पहिल्यांदाच मोडला. शेताबद्दलचं पान आधी छापायला लावलं. जाड, काळंभोर, समास चांगला बोटभर. कागद पडले तसे उचलले आणि ओट्यावर धावलो.

"अण्णा, आलं."

त्यांनी कागद घेतले. नेहमीसारखे उन्हात तिरके धरले. ओठ थोडे हलले. बराच वेळ पहिल्या कागदावर नजर लावून बसले.

"बरं छापलंयस," म्हणाले. "ठळक आहे. आतां कसं स्वच्छ दिसतंय. मी वाचतों सावकाश, तूं जा, थकला असशील."

मी खूश होऊन वाकलो, ते कुठल्या ओळीवर आहेत बघायला. नवं कार्ट्रिज मान्य केलं की प्रिंटर आधी आपली तपासणी म्हणून एक कागद स्वतःच काढतो. त्यावर रंगीत पट्ट्या असतात आणि बारीक तुटक रेघा. घाईत मी तो वरच ठेवून दिला होता. अण्णा तोच वाचत होते. त्या कागदावर एक अक्षर नव्हतं.

मी वैनींकडे पाहिलं. त्या दारात होत्या.

"चार आठवडे जाहले," त्या हळू म्हणाल्या. "सावली तेवढी दिसते त्यांस. सांगूं नको म्हणाले मला. तो एवढा खपतोय, त्याचं मन मोडेल म्हणाले."

अण्णांनी कागद मांडीवर ठेवला. चोरी पकडली गेल्यासारखे हसले. मी तिथेच ओट्याच्या पायरीवर बसलो. वैनींनी झेरॉक्सवाल्याचं सांगितलं होतं त्या दिवशी त्यांना अजून दिसत होतं. तो हिशोब मी तिथल्या तिथे केला आणि त्यानंतर रोज करतो.

मग ठरलेलं मोडून मी दुसरा कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. बाबांनी लिहिलं होतं तसंच, एक अक्षर इकडे तिकडे न करता:

'थोरल्यानें शेत विकलें तें बरें केलें. माझ्या हातून तें जाहलें नसतें, आणि कुळानें तें असेंहि खाल्लें असतें. हें त्यास सांगावें म्हणून कितीदां तोंड उघडलें. माझाच मान आड आला. आतां पुष्कळ दिवस जाहले, कोठून सुरुवात करावी कळत नाहीं.'

अण्णा ऐकत होते. कावळा ओरडत होता, रस्त्यावरून टाउन बस गेली. वैनींनी पदर तोंडाला लावला.

"छान वाचलास," अण्णा म्हणाले.

"बाबांनी लिहिलंय, अण्णा. वहीत आहे. हे बघा," मी म्हणालो, आणि वही त्यांच्या हातात दिली. बघा म्हणालो. त्यांनी पानावरून बोट फिरवलं. शाईला काही उंचवटा नसतो.

"बाबा असं बोलत न्हवते," ते म्हणाले.

"बोलले नाहीत. लिहिलं."

"असेल," अण्णा म्हणाले. उशिरा आलेल्या पोराचं कारण शाळेत ऐकून घेत, अगदी त्या आवाजात. वही मिटून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि वैनींना म्हणाले, "ह्याला कॉफी दे."